शेवटची पानं राखणारे निमगडे सर

पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडते. कोण जगलं, कोण मेलं, कोणाचं लग्न कोणाशी लागलं हे एकदा कळलं की जीव भांड्यात पडतो आणि मग मी निवांत पहिल्या पानावर येते. आई यावरून रागवायची, नवरा हसायचा. पण ही खोड म्हणजे पाप आहे असं मला एकाच माणसानं सांगितलं, आणि तेही स्वतःच्या दोन्ही कानांवर हात ठेवून. ते आमचे निमगडे सर. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा भाचीनं एक नवी कादंबरी आणून दिली, मी सवयीनं ती मागून उघडायला गेले आणि शेजारून कोणीतरी 'बाई, हे काय करून राह्यल्या तुमी?' म्हणाल्यासारखं वाटलं. कादंबरी तशीच मिटून ठेवली आणि हे लिहायला बसले.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मी गणिताची शिक्षिका, माहेर वर्ध्याकडचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा नकाशात गाव शोधावं लागलं होतं. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, पलीकडे वैनगंगा आणि गावात करमणूक म्हणावी तर हिवाळ्यातली नाटकं. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सदऱ्याचा खिसा पोटापर्यंत लोंबत होता. पुढं कळलं की पुस्तक मावेल असा खिसा ते शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेत. त्यांच्या हातात सुतळीनं बांधलेली दोन पुस्तकं होती. एक पिवळं पडलेलं, पाठीला खळीनं कापड चिकटवलेलं. दुसऱ्याचा शाईचा वाससुद्धा गेला नव्हता.

"नव्या आल्या ना तुमी? हे घ्या. एक जुनं, एक नवं. एकटं देत नाई मी."

मी म्हटलं, "मला नवंच द्या की सर. जुन्याला धुळीचा वास येतो."

"नव्या तांदळाचा भात खाल्ला हाय का कधी? गिचका होते. पोटात गोया बसते. नव्यात जुना मिसळाचा, मंग मोकळा होते."

मी मान डोलावली, सुतळी सोडली आणि नव्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडून उभ्याउभ्या वाचायला लागले. सरांचा चेहरा असा झाला की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. अर्थात देवळाशी त्यांचा संबंध नव्हता. छप्पन साली धम्म घेतलेलं घर, आईनं घरातले देवांचे टाक वैनगंगेत सोडलेले. पण शेवटच्या पानाच्या बाबतीत हा माणूस कर्मठ भटजीच्या वर होता.

त्यांची गंमत अशी की आवडलेल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ते वाचतच नसत. नावडलेलं पुस्तक सबंध वाचून मोकळे होत. आवडलं, की शेवटचं प्रकरण आलं रे आलं की थांबत. त्या जागी धानाची एक वाळली लोंबी खुणेला ठेवत आणि पुस्तक माळ्यावर चढवत. त्यांच्या घराच्या माळ्यावर एका बाजूला बियाण्याच्या धानाची कणगी होती आणि तिला लागून फळ्यांवर ही पुस्तकं. जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या, रहस्यकथा होत्या, गाडीतून विकायला येणारी रशियन पुस्तकांची स्वस्त भाषांतरं होती, सापांवरचं एक होतं, आणि तेव्हा नुकतीच येऊ लागलेली, आपल्याच माणसांनी आपल्याच जगण्यावर लिहिलेली पुस्तकं तर होतीच. नवी ते टपालानं, व्ही.पी.नं मागवत. जुनी चंद्रपूरच्या रद्दीवाल्याकडून निवडून आणत. जवळजवळ प्रत्येकातून एक लोंबी डोकावत असे.

"सर, हे वाचणार कधी?" मी विचारलं होतं.

"निवृत्त झालो का. मंग बसतो आरामात, अन् एकेकाचा शेवट वाचतो. दुसरं कामच काय राहीन?"

मला आधी हे सगळं सोंग वाटलं. मी ते शिक्षकांच्या खोलीत बोलूनही दाखवलं. एकदा मधल्या सुट्टीत सर एका रहस्यकथेबद्दल रंगून सांगत होते आणि मी डबा खाता खाता म्हणून गेले, "अहो, त्यात खून मामानंच केलेला असतो." सर ताडकन उठले. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून, तसेच, अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. मुलं जमली. हेडमास्तर विचारायला बाहेर आले, तर सर त्यांचंही काही न ऐकता उभेच. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर शिपायामार्फत सांगत. आठवड्यानं स्वतःच दोन पुस्तकं बांधून घेऊन आले. "हे वाचा. अन् वाचून झाल्यावर तोंड बंद ठेवा," म्हणाले.

माझी खोली त्यांच्या घराला लागून होती, त्यामुळे येणंजाणं वाढलं. त्यांची मुलगी कुंदा लग्न होऊन राजुऱ्याला गेलेली. घरात सर आणि काकू दोघंच. सर काकूंना 'कुंदाची माय' म्हणत, काकू सरांना काहीच म्हणत नसत, 'यायनं', 'यायले', म्हणजे 'यांनी', 'यांना' करून सगळं भागवत. काकू वाचत नसत, पण कुठल्या पुस्तकात सर कुठं थांबलेत हे त्यांना बरोबर माहीत असे, कारण रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून सर त्यांना दिवसभराचं वाचलेलं सांगत. "थे जाडंवालं? त्याच्यात थे बाई इहिरीपाशी उभी हाये. दोन साल झाले, उभीच हाये बिचारी," काकू मला सांगत आणि पदर तोंडाला लावून हसत.

जेवतानाही तेच. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, कधी बोडीतले, म्हणजे शेततळ्यातले, मासे. काहीही असो, ताटाच्या कडेला एक घास शिल्लक राहायचाच. मी एकदा चिडवलं, "सर, तुम्ही देव मानत नाही, कावळा मानत नाही, मग हा घास कोणासाठी?"

सर हसले नाहीत. त्यांनी हात धुतला, खाटेवर बसले आणि म्हणाले, "उद्यासाठी."

मग त्यांनी सांगितलं. ते लहान असताना एका वर्षी धान बुडालं. वडील जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेलेले, त्यांचा निरोप नाही. घरात दाणा संपला. "एक दिवस मायनं माळ्यावरचं बियान्याचं धान उतरवलं अन् कांडलं. आमी पोट्टे खूश. लय दिवसानं पोटभर भात. पांढराफेक. माय आमच्यासंगं बसली, खात होती अन् रडत होती. मले समजे ना, भात इतका चांगला हाये, माय काऊन रडून राह्यली? दुसऱ्या साली समजलं. सगळ्यायच्या बांध्या हिरव्या झाल्या, आमची तेवढी उघडी." मग ते म्हणाले, "तेव्हापासून मले शेवटचं काई संपवताच येत नाई, बाई. गळ्याखाली उतरत नाई."

यानंतर मी सोंग म्हटलं नाही.

याला जंगलाचीही जोड मिळाली होती. नोकरीची पहिली काही वर्षं सरांनी मोहर्लीकडच्या एका खेड्यात काढली. एकशिक्षकी शाळा, दिवस कलला की वाघाच्या धाकानं दारं बंद. चंद्रपूरहून आणलेलं एक पुस्तक पुढच्या खेपेपर्यंत पुरवावं लागे. आठवडाभर मोजून मापून वाचायचं आणि तरी थोडं उरवायचं. पुस्तक संपलं तर त्या खोलीत मी आणि भिंती, असं ते म्हणत. त्याच खोलीत त्यांनी ते नावाड्याच्या मुलीचं पुस्तक वाचलं.

या पुस्तकाबद्दल ते फार बोलत, फक्त नाव सांगत नसत. जुनी कादंबरी होती. एका नावाड्याची मुलगी. बाप एक दिवस पैलतीरावर उतरतो आणि परत येत नाही. मुलगी नाव चालवायला लागते. लोक येतात, जातात, ती प्रत्येक उतारूचा चेहरा पाहते. सरांनी ती सगळी कादंबरी मला तुकड्यातुकड्यानं सांगितली होती: पुरात वाहून आलेलं वासरू तिनं कसं ओढून घेतलं, तिची वल्ही बापाच्या हाताच्या घामानं कशी काळी पडलेली होती. बाप परत येतो की नाही हे शेवटच्या प्रकरणात. ते प्रकरण वीसेक वर्षं लोंबीच्या मागं राहिलं होतं. स्वतः सरांचे वडील लाकूडतोडीवरून आले की नाही हे मी कधी विचारलं नाही. काकूंनीच एकदा हळू आवाजात सांगितलं, की नाही आले.

एका वर्षी धान घरात आल्यानंतरची गोष्ट. शाळेतून येऊन चहा टाकत होते तर शेजारून काकूंची हाक आली. गेले तर सर माळ्याच्या शिडीच्या मधल्या पायरीवर बसलेले, मांडीवर ते पुस्तक. लोंबीच्या वासावर उंदीर आले होते. दाणे खाल्लेच, पण पुढची सगळी पानं कुरतडून त्यांनी कणगीच्या मागं त्यांचं घरटं केलं होतं. त्या कपट्यांत गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत होती. शेवटचं प्रकरण तेवढं गेलं होतं. त्याआधीच्या पानाला दातही लागला नव्हता.

पुस्तकात धानाची लोंबी ठेवली तर उंदीर येणारच, हे सावलीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण सरांना ते कधी सुचलं नाही. मला हसू येत होतं आणि त्यांचा चेहरा बघून आवरतही होतं. काकू झाडू घेऊन वर चढायला निघाल्या तर सरांनी त्यांना अडवलं.

"राहू द्या, कुंदाची माय. पिल्लायचे डोळे तं उघडू द्या."

"अन् बाकीचे पुस्तकं खातीन त्यायचं काय?"

"बाकीच्यायच्या लोंब्या काढून टाकतो."

त्यांनी खरंच त्या संध्याकाळी सगळ्या लोंब्या काढल्या आणि त्यांच्या जागी तेंदूची वाळकी पानं घातली. मी फळ्यांवरून पुस्तकं उतरवून देत होते. मी म्हटलं, "सर, दुसरी प्रत मिळेल की. नाव सांगा, मी शोधते."

"नाई."

"का पण?"

"नाव सांगतलं का कोनीतरी शेवट सांगन. दुसरं कोन? तुमीच सांगाल पह्यले."

मी हात टेकले. ते स्वतः मात्र शोधत राहिले. चंद्रपूरला गेले की रद्दीवाल्याकडे, नागपूरला गेले की जुन्या पुस्तकांच्या पथारीवर तास तास उकिडवे बसत. पुस्तक कुठंच नव्हतं.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माणूस नुसता विक्षिप्त वाटेल. पावसाळ्यात वर्षावास सुरू झाला की विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई आणि वाचायला सर बसत. दिवसभर चिखलात रोवणी करून आलेल्या बाया, पायांना अजून ओल, आणि सरांचा तो संथ आवाज. आश्विन पौर्णिमेला समाप्तीचं प्रकरणही तेच वाचत, अगदी अखेरच्या ओळीपर्यंत. मी टोकलं, की इथं बरं वाचता शेवट. तर म्हणाले, "हा ग्रंथ सगळ्यायचा हाये, बाई. याच्यात माह्या एकट्याचं बियानं नाई."

निवृत्तीला थोडे दिवस असताना विहारातच पहिल्यांदा लक्षात आलं. सर वाचत होते, पान उलटत होते, पण नजर पानावर नव्हती. वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते पाठ म्हणत होते. समोरच्या बायांना कळलं नाही. मला कळलं, कारण पान उलटायची वेळ चुकली.

साखर होती अंगात, कोणाला ठाऊक नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांमागचा पडदा गेला आहे, एक डोळा संपलाच, दुसरा जितका चालेल तितका चालेल. सर परत आले ते भिंग घेऊन. दुसऱ्या दिवशी मी गेले तर माळ्यावरची सगळी पुस्तकं अंगणात सतरंजीवर मांडलेली, आणि नुकतंच आलेलं व्ही.पी.चं एक पुडकं न फोडलेलं. सर मधोमध बसले होते.

काकू म्हणाल्या, "बाई, तुमी तरी सांगा यायले. जे ठेवून ठेवलं थे वाचा म्हनते मी आता. नजर हाये तोवर."

मलाही तेच वाटत होतं. पण सरांनी पुडकं फोडलं. "थे जुने शेवट कुठी पळून जाऊन राह्यले?" म्हणाले. "हे नवे लोक काय लिहून राह्यले थे पाह्यल्याशिवाय डोळे बंद करू काय?"

निवृत्त झाल्यावरचा तो सबंध हिवाळा ते उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत वाचत. सकाळी ओसरीच्या पूर्वेला, दुपारी अंगणात, संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीशी. पान नाकाला टेकलेलं, एकेका ओळीवरून भिंग ओढत. एका डोळ्याच्या उरल्यासुरल्या उजेडावर त्यांनी ती नवी पुस्तकं वाचून काढली. आणि मी हादरले ते हे बघून की त्यातल्या आवडलेल्या पुस्तकांमध्येही शेवटाआधी तेंदूचं पान होतं. मला राग आला, रडूही आलं. "सर, आता कशासाठी?" म्हणून मी जवळजवळ ओरडलेच. सर ओशाळून म्हणाले, "हात थांबते ना, बाई. म्या काय करू?"

उन्हाळा लागता लागता दुसरा डोळाही गेला.

त्यानंतर काही दिवस ते नुसते बसून असत. खिशात पुस्तक असे, हात त्याच्यावर. मग एके दिवशी त्यांनीच मला बोलावलं. "बाई, तुमाले शेवट वाचाची सवयच हाये," म्हणाले. "आता मोठ्यानं वाचा."

मी रोज शाळा सुटल्यावर जायला लागले. काकू माळ्यावरून एक पुस्तक काढून देत, मी तेंदूच्या पानापासून सुरुवात करायची. पहिल्या दिवशी जुनी ऐतिहासिक कादंबरी होती. किल्ला पडतो, सेनापती जखमी होतो, आणि कोणी एक स्त्री त्याला ओळखीची अंगठी दाखवते. मी चांगलं आवाज चढवून वाचत होते. सर मान तिरकी करून ऐकत होते. अंगठीपाशी त्यांनी हात वर केला.

"हे कोन बाई होय?"

"आधी आली असेल ना सर. तुम्ही वाचलंय की."

"वाचलं असन. आठवत नाई." थोड्या वेळानं, "अन् हा कोन माधवराव?"

दुसरं पुस्तक घेतलं, तिसरं घेतलं. तेच. काहींतली एखादी जागा आठवे, एखादं नाव आठवे, पण कोण कोणाचं कोण हे पुसून गेलेलं. इतकी वर्षं जपलेले शेवट, आणि त्यांच्या सुरुवाती गेलेल्या. अनोळखी लोकांच्या लग्नात आणि मयतीत जाऊन बसावं तसं आम्ही बसत होतो. सर रडले नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक चाचपून मिटलं.

"बियानं एक साल ठेवाचं असते, बाई. लय झालं तं दोन. मंग थे उगवत नाई. कास्तकाराच्या पोटी जन्मून मले हे काऊन सुचलं नाई?"

काकू चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, त्यांनी लाकूड पुढं सारलं. मग सर म्हणाले, "एकच पुरं आठवते. नावाड्याच्या पोरीचं. थे वासरू, थे वल्हे, सगळं. अन् त्याचाच शेवट उंदरानं खाल्ला." आणि मग, इतक्या वर्षांनी, त्यांनी मला त्या पुस्तकाचं नाव सांगितलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. पण ते नाव मला माहीत होतं. कारण माझ्या माहेरच्या गावातल्या वाचनालयात, खालच्या कप्प्यात, ते पुस्तक मी लहानपणापासून पाहत आले होते. कंटाळवाणं दिसतं म्हणून कधी उघडलं नव्हतं. सरांनी त्या संध्याकाळी, शिडीवर बसल्या बसल्या, नाव सांगितलं असतं तर मी आठवडाभरात ते आणून दिलं असतं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं असतं. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही. सांगून काय मिळालं असतं? मी फक्त "शोधते" एवढंच म्हटलं.

मेच्या सुट्टीत माहेरी गेले. वडील वाचनालयाचे जुने सभासद, त्यांच्या नावावर पुस्तक मिळालं. शेवटची पानं शाबूत होती. वर्धा ते चंद्रपूर, चंद्रपूर ते सावली, एस.टी.च्या दोन्ही प्रवासांत ते माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं. तोवरच्या आयुष्यात तेवढं एकच पुस्तक मी मागून उघडलं नाही.

मी पोचले तेव्हा सरांची तब्येत फार उतरली होती. साखर आता मूत्रपिंडात गेली होती, पाय सुजले होते. कुंदा येऊन राजुऱ्याला चला म्हणून गेली होती, सर तयार नव्हते. मृग तोंडावर आलेला, शेजारी सगळ्यांची धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची गडबड. काकूंनी दार उघडलं आणि माझ्या हाताकडे पाहिलं. आत जाऊन त्यांनी सरांना उशीला टेकवून बसवलं.

"सर, मिळालं."

त्यांनी हात पुढं केला. मी पुस्तक दिलं. त्यांनी पाठ चाचपली, कडा चाचपल्या, नाकाशी नेऊन वास घेतला आणि परत माझ्याकडे दिलं. "तुमी पाह्यलं काय शेवटी काय हाये थे?"

"नाही सर."

"खरं?"

"कुंदाची शपथ."

ते हसले. खूप दिवसांनी. काकू उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि मी वाचायला सुरुवात केली.

प्रकरण लहान होतं. हिवाळ्याची सकाळ, नदीवर धुकं. पैलतीरावरून हाक येते. मुलगी नाव नेते. एक म्हातारा उतारू, डोक्यावरून घोंगडी ओढलेली. तो नावेत बसतो, बोलत नाही. मध्यावर आल्यावर तो वल्ह्याकडे एकदा पाहतो. अलीकडच्या काठाला नाव लागते, म्हातारा उतरतो आणि चढण चढून गावाकडे न जाता आडवाटेनं निघून जातो. मुलगी तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहते, मग रिकामी नाव वळवते. एवढंच.

बाहेर कोणीतरी बैलांना हाकारत गेलं.

"ओळखलं ना तिनं?" सरांनी विचारलं.

"लिहिलेलं नाही, सर."

"ओळखलंच असन. बापाचं चालनं लेकरू ओळखते." आणि मग, "आला होता म्हना. एक वेळ तं आला."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"अजून काई हाये?" सर म्हणाले.

"नाही सर, संपलं. खाली नुसतं छापखान्याचं नाव आहे."

"थेही वाचा."

मी छापखान्याचं नाव वाचलं, गाव वाचलं. मागच्या कोऱ्या पानावर वाचनालयाचा शिक्का होता, तोही वाचला. "बस," सर म्हणाले. "आता काई राह्यलं नाई ना?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी भूक लागली असं सांगितलं. काकू लगबगीनं उठल्या, कारण सरांना कितीतरी दिवसांत भूक लागली नव्हती. भात आणि वरण वाढलं गेलं. मी पुस्तक पिशवीत घातलं, उद्या येते म्हणून निघाले आणि अंगणात चपला शोधत होते. दारातून दिसत होते ते भिंतीशी बसलेले सर, खाली वाकून, बोटांनी ताट चाचपत जेवणारे. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना चंद्रपूरला हलवलं, आणि ते परत आले नाहीत.

त्या दिवशी चपला शोधून मी फाटकाशी पोचले, तेव्हा मागून काकू आल्या. त्यांच्या हातात सरांचं ताट होतं. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. मला आधी कळलं नाही. मग मी कडेला पाहिलं. एक शीतही नव्हतं, ताट बोटांनी निपटून खाल्लेलं होतं.

"बाई," काकू म्हणाल्या, "यायनं आज काईच ठेवलं नाई."